सर्व्हिस सेंटर की नाक्यावरचे मिस्त्री? आधी एस्टिमेटच्या ओळी मोजा

पुण्याहून, धायरीतून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची पेट्रोल स्विफ्ट नोव्हेंबर २०२० मधली, हाताने गिअर टाकायची, ४६,००० किलोमीटर चाललेली. वाढीव वॉरंटीही आता संपली आहे. सर्व्हिस सेंटरने वार्षिक सर्व्हिसचं २१,६५० रुपयांचं एस्टिमेट दिलं, शिवाय ‘क्लच जड झालाय, बदलावा लागेल’ म्हणून वेगळे १६,५०० सांगितले. घराजवळचे मिस्त्री सर्व्हिस ८,५०० मध्ये आणि क्लच ९,००० मध्ये करून देतो म्हणतात. ब्रेक लावताना पुढून आवाज येतो. महिन्यातून एकदा ताम्हिणीमार्गे माणगावला माहेरी जाणं असतं. “सासरे म्हणतात, गाडी कंपनीतच न्यायची. हे म्हणतात, दुप्पट पैसे कशाला घालवायचे? मी कुणाचं ऐकू?” असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, नमस्कार.

तुम्ही एस्टिमेटचा फोटो पाठवलात, त्यामुळे बोलणं सोपं झालं. आधी तोच कागद समोर घ्या. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि वॉशर २,१५०. एअर फिल्टर ४५०. चार स्पार्क प्लग ९००. ब्रेक फ्लुइड ५५०. कूलंट १,१५०. पुढचे ब्रेक पॅड २,९००. लेबर २,६००. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग १,३००. इथपर्यंतची बेरीज बरोबर १२,००० होते. त्याखाली आणखी पाच ओळी आहेत: इंजिन फ्लश ६५०, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर क्लीनिंग १,४५०, एसी डिसइन्फेक्शन १,२५०, अंडरबॉडी कोटिंग ३,९०० आणि आतून-बाहेरून पॉलिश २,४००. या पाच ओळींचे ९,६५० होतात.

आता मिस्त्रींचे ८,५०० बघा. त्यांनी तुम्हाला ऑइल, फिल्टर, प्लग, पॅड आणि मजुरी सांगितली. ब्रेक फ्लुइड, कूलंट, अलाइनमेंट त्यात नाही. ती तीन कामं सर्व्हिस सेंटरच्याच भावाने धरली तर ३,००० रुपये होतात, म्हणजे मिस्त्रींचा आकडा ११,५०० वर जातो. तेवढ्याच कामासाठी सर्व्हिस सेंटरचा आकडा १२,००० आहे. फरक ५०० रुपयांचा. ‘दुप्पट’ जे वाटतंय, ते त्या खालच्या पाच ओळींमुळे. त्या काढून टाकायला सर्व्हिस सेंटर सोडावं लागत नाही. “एवढं नको” म्हणायचं आणि सुधारित एस्टिमेटवर सही करायची, बस.

या पाचही गोष्टी निरुपयोगी आहेत असं नाही, पण तुमच्या गाडीला आज त्यांची गरज दिसत नाही. गाडीच्या पुस्तकात मागच्या बाजूला देखभालीचा तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय तपासायचं आणि काय बदलायचं, ते कंपनीने स्वतः लिहून दिलेलं असतं. सांगितलेलं काम त्या तक्त्यात नसेल तर एकच प्रश्न विचारा: “माझ्या गाडीत असं काय दिसलं, म्हणून हे करायचं?” थ्रॉटल बॉडी साफ करण्याला कारण असू शकतं. गाडी उभी असताना आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा) काटा वरखाली होतो, किंवा सिग्नलला गाडी आपोआप बंद पडते, तेव्हा ते काम करावं. नुसतं ४०,००० झाले म्हणून नाही. इंजिन फ्लशचंही तसंच. ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर धुवायला आत काही साचलेलं नसतं. अंडरबॉडी कोटिंगबाबत जरा जपून. चिखल लागलेल्या किंवा ओलसर पत्र्यावर ते मारलं तर पाणी आत अडकतं आणि गंज कोटिंगखाली वाढतो, वरून दिसतही नाही. समुद्राकाठी कायम राहणाऱ्या गाडीला ते करून घ्यावं, तेही नीट धुऊन, पूर्ण वाळवून. तुमची गाडी महिन्यातून दोन दिवस माणगावला जाते. आल्यावर खालून साध्या पाण्याने धुतली आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी निचऱ्याची भोकं मोकळी ठेवली तरी पुरे. एसीतून कुबट वास येत असेल तर केबिन फिल्टर बदला. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरी पाच-दहा मिनिटांत बदलता येतो.

कूलंटची ओळ मात्र तक्त्याशी ताडून पाहा. काही कूलंट तीन-चार वर्षांत बदलायचे असतात, काही त्याहून बरेच जास्त टिकतात. तुमच्या गाडीत कोणतं आहे आणि त्याला किती मुदत दिली आहे, ते पुस्तकात लिहिलेलं असतं. मुदत बाकी असेल तर ते १,१५० रुपयेही वाचतील.

ब्रेकचं काम आधी, आणि ते या आठवड्यात. ताम्हिणी उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक आवाज करत असेल तर बाकीचे निर्णय थांबू शकतात, हा नाही.

आवाज कसला आहे ते आधी ओळखा. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, आवळून धरतात. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी दोन-तीनदा ब्रेक दाबला की तो खरवडून निघतो आणि आवाज थांबतो. त्यात बिघाड काही नसतो. बारीक ‘चीं’ असा आवाज कायम येत असेल, तर बहुतेक वेळा पॅडवरची लहानशी पत्र्याची पट्टी डिस्कला घासत असते. पॅड झिजत आल्याचं कळावं म्हणूनच ती बसवलेली असते. ‘कर्रर’ असा खरखरीत, पायाला जाणवणारा आवाज आला, तर पॅडचं मटेरियल संपून लोखंड लोखंडावर घासतंय. मग गाडी घाटात नेऊच नका. गॅरेजही लांब असेल तर मिस्त्रींना घरी बोलवा.

पॅड कुणीही बदलोत, तुम्ही समोर उभ्या राहा आणि चाक काढल्यावर जुने पॅड हातात घ्या. नव्या पॅडचं मटेरियल साधारण १० मिलिमीटर जाड असतं. ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायचं. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून पाहा. दोन्ही सारखे झिजले असतील तर ठीक. आतला कागदासारखा पातळ आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असेल, तर दोष पॅडचा नाही. पॅड धरून ठेवणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून अडकल्या आहेत, किंवा त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन नीट मागे येत नाही. तिथे नुसते नवे पॅड घातले तर वर्षभरात हाच आवाज परत. पिना बाहेर काढून साफ करायच्या, त्यांची रबरं फाटलेली नाहीत ना ते बघायचं आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियर लावून मोजायला सांगा. जाडी त्याखाली गेली असेल तर डिस्कही बदलावी लागेल. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, एका चाकाचे कधीच नाहीत.

नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला जातो. त्यामुळे काम झाल्यावर गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावं लागतं. हे विसरलं तर पहिल्यांदा ब्रेक मारताना पेडल सरळ तळाला जातं आणि गाडी समोरच्या भिंतीवर. चावी हातात घेतल्यावर तुम्ही स्वतः दाबून बघा. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा. पॅड डिस्कवर नीट बसायला तेवढं अंतर लागतं.

ब्रेक फ्लुइडची ती ५५० रुपयांची ओळ मात्र काढू नका, आणि मिस्त्रींकडे गेलात तर आवर्जून करवून घ्या. हे द्रव हवेतला ओलावा शोषतं. कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबले की ते तापतात, द्रव उकळून नळ्यांत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. पुण्यात सिग्नल ते सिग्नल चालवताना हे कधी कळणार नाही, ताम्हिणीत कळेल. दर दोन वर्षांनी बदला. डॉट ३ की डॉट ४, ते ब्रेक फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. नव्याने फोडलेल्या डब्यातलंच घालायला सांगा. अर्धवट राहिलेल्या डब्यात ओलावा आधीच शिरलेला असतो.

आता सासऱ्यांचं आणि मिस्टरांचं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते वेगवेगळ्या कामांना लागू पडतं. सर्व्हिस सेंटरमध्ये तुम्ही बोलता सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी. पाना धरणारा माणूस आत असतो, त्याला मिळतो तो जॉब कार्डावरचा, म्हणजे गाडी देताना भरलेल्या कामाच्या कागदावरचा मजकूर. तिथली जमेची बाजू म्हणजे नोंद, अस्सल पार्ट आणि कंपनीचं स्कॅनर. मिस्त्रींकडे आवाज ऐकणारा, गाडी चालवून बघणारा आणि बोल्ट आवळणारा माणूस एकच असतो. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी तोच समोर उभा असतो. म्हणून काम बघून जागा ठरवायची.

एअरबॅगचा दिवा, एबीएसचा दिवा, इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा बिघाड, चावीचं इमोबिलायझर, सॉफ्टवेअर अपडेट ही कामं सर्व्हिस सेंटरचीच. एअरबॅगचा दिवा ‘घालवून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून गाडी घेऊन निघा. दिवा विझवता येतो, पण अपघातात बॅग उघडेलच याची खात्री त्यातून मिळत नाही. रिकॉलचं, म्हणजे दोष आढळल्यामुळे कंपनीने गाड्या परत बोलावून करायचं कामही तिथेच, आणि ते फुकट होतं. वॉरंटी संपली असली तरी. तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून आजच बघून ठेवा. याउलट ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, क्लच ही कामं चांगला मिस्त्री तितकीच चोख करतो. आवाज शोधायचं काम तर बऱ्याचदा जास्त चांगलं करतो, कारण त्याच्या डोक्यावर दिवसाला इतक्या गाड्या काढायचा तगादा नसतो.

ज्यांच्या गाडीची वॉरंटी चालू आहे त्यांच्यासाठी हे गणित वेगळं. मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली आहे. तेवढ्या काळात सर्व्हिस सेंटर सोडण्यात शहाणपण नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड केला होता, सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं त्या आदेशात म्हटलं होतं. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. कागदावर हक्क असला, तरी इंजिन उघडायची वेळ आली की बाहेरच्या बिलावरून वाद होतोच. तुमची वॉरंटी संपली आहे, त्यामुळे ही काळजी तुम्हाला नाही.

मिस्त्री चांगले आहेत की नाही, हे ओळखायला त्यांना आधी क्लच देऊ नका. ब्रेक आणि ऑइल द्या, आणि थांबून बघा. ऑइल सीलबंद डब्यातून ओततात की निळ्या बॅरलमधून? तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड आहे तोच हवा. ०डब्ल्यू-२० लिहिलं असताना २०डब्ल्यू-५० घातलं तर इंजिन लगेच बंद पडणार नाही, पण व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलतं, ते जाड ऑइलने गडबडतं, मायलेज उतरतं आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतं. १,२०० सीसीच्या पेट्रोल इंजिनात फिल्टरसह साधारण ३ ते साडेतीन लीटर लागतं. कुणी ४ लीटरचा अख्खा डबा ओतला तर तेही वाईट, जादा ऑइलला फेस येतो. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवी. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातला का ते विचारा. दहा-वीस रुपयांच्या त्या चकतीसाठी जुनीच ठेवून बोल्ट जास्त आवळला जातो आणि मग इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे (संपचे) आटे जातात. स्पार्क प्लग गार इंजिनात, आधी हाताने फिरवून बसवायचे; इंजिनाच्या वरच्या भागात, गरम अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये, जोर लावून आवळले तर हेडचे आटे जातात, आणि ते काम प्लगच्या किमतीच्या कित्येक पट महाग पडतं. टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा) भिंतीवर टांगलेला नसून हातात दिसला, म्हणजे माणूस कामाचा आहे.

पार्टचं काय? ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड आणि प्लग यांत नकली माल बराच येतो. नकली फिल्टरची एक खूण सांगतो: त्यातला झडपेचा रबरी पडदा हलका असतो, रात्रीतून ऑइल खाली उतरतं आणि सकाळी इंजिन दोन-तीन सेकंद खडखडतं. कंपनीच्या खोक्यावर पार्ट नंबर, होलोग्राम आणि एमआरपी असते. कंपनीचंच खोकं हवं असंही नाही. बॉश, एनजीके, वालेओ, एक्साइड अशा नावाजलेल्या उत्पादकांचा माल अधिकृत दुकानातून घेतला तर चालतो. नाना पेठेत स्वतः जाऊन पार्ट आणणं स्वस्त पडू शकतं, पण मग बिघाड झाला की मिस्त्री म्हणतात पार्ट खराब आणि दुकानदार म्हणतो बसवला चुकीचा. त्यापेक्षा पार्ट मिस्त्रींनाच आणू द्या. रिकामं खोकं, जुना पार्ट आणि बिल मागून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. कुणी २८ टक्के लावला असेल तर ते बिल परत करा.

क्लचचे पैसे अजून कुणालाच देऊ नका. क्लच ‘जड’ होणं आणि क्लच ‘घसरणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात फक्त जड होण्याचा उल्लेख आहे. पेडल केबलवर चालत असेल तर आधी केबल बघायची. ती सुकली किंवा तिच्या तारा तुटायला लागल्या की पेडल जड होतं, आणि केबल काही शे रुपयांत बदलते. घसरतोय का, हे तुम्ही स्वतः बघू शकता. इंजिन चांगलं गरम झाल्यावर मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ला या आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग बरोबरीने, सावकाश वाढले तर क्लचची प्लेट धरते आहे. आरपीएम झपकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट संपली.

ती संपलीच असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, कारण मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि बेअरिंगसाठी तो पुन्हा उतरवणं परवडत नाही. क्लच प्लेट ज्या चाकावर टेकते त्या फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा आहेत का ते बघा आणि फोटो मागा. मागचं ऑइल सील ओलं असेल तर तेही तेव्हाच बदला, नाहीतर नव्या प्लेटवर ऑइल येऊन ती पुन्हा घसरेल. मिस्त्रींच्या ९,००० मध्ये हे तिन्ही भाग, कोणत्या कंपनीचे, आणि नवं गिअर ऑइल धरलंय का, ते कागदावर लिहून घ्या. सर्व्हिस सेंटरच्या १६,५०० बाबतही हेच विचारा. दोन्ही कागद एका मापाचे झाले की मगच आकडे तोलता येतात.

सर्व्हिस सेंटरला गेलात तर जॉब कार्डावर निदान नाही, लक्षण लिहून द्या. ‘ब्रेक पॅड बदला’ असं नको. ‘ताशी ३० च्या खाली ब्रेक दाबल्यावर पुढून डाव्या बाजूने आवाज, सकाळी आणि नंतरही’ असं लिहा. एस्टिमेटपेक्षा जास्त काम निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय करू नये, हीही ओळ त्यावर लिहून सही घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे पहिल्यांदा हेच जॉब कार्ड मागतील. मिस्त्रींचीही बिलं तारीख आणि किलोमीटर घालून एका फाइलमध्ये लावत जा. पुढे गाडी विकताना घेणारा तीच उघडून बघतो.

तर ताई, या आठवड्यात मिस्त्रींकडून ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड, ऑइल आणि प्लग करून घ्या, समोर उभं राहून. त्यांचं काम पटलं तर पुढेही त्यांच्याकडेच जा. निळं बॅरल दिसलं तर सर्व्हिस सेंटरला त्या पाच ओळी खोडून १२,००० चं काम द्या. जुने पॅड घरी आणा आणि आतल्या-बाहेरच्या दोन्हींची जाडी मोजा. चौथ्या गिअरच्या चाचणीत काटा कसा वागला तेही लिहून पाठवा, मग क्लचबद्दल पुढच्या अंकात नेमकं सांगू.